सदोष संगणकाचे नूतनीकरण आणि विदेचे रक्षण

१. प्रश्नाचे स्वरूप

संगणकाच्या यंत्रभागावर ताबा ठेवणारी, फायलींची मांडणी करणारी आणि इतर सर्व आज्ञावल्यांना आधार देणारी जी मूळ आज्ञावली, तिला कार्यप्रणाली किंवा ऑपरेटिंग सिस्टिम असे म्हणतात. वापरणाऱ्याने स्वतः निर्माण केलेला वा जमविलेला मजकूर, आकडे, छायाचित्रे, ध्वनिमुद्रणे यांना एकत्रितपणे विदा, म्हणजे नित्याच्या भाषेत डेटा, ही संज्ञा आहे. या दोहोंचे वास्तव्य बहुधा एकाच डिस्कवर असते. परंतु त्यांचे मोल सर्वस्वी भिन्न असते. कार्यप्रणाली बिघडली तर ती पुन्हा मिळते, कारण तिच्या एकसारख्या असंख्य प्रती जगात आहेत. विदेची प्रत मात्र पुष्कळदा एकच असते. एखाद्या संशोधकाने चार वर्षे गावोगाव हिंडून बोलीचे नमुने ध्वनिमुद्रित केले असतील आणि त्यांतील काही वृद्ध निवेदक आज हयात नसतील, तर ती ध्वनिमुद्रणे कोणत्याही किमतीला पुन्हा मिळविता येणार नाहीत.

हा भेद तत्त्वतः सर्वांना मान्य असतो. व्यवहारात मात्र कार्यप्रणाली बदलण्याचा प्रसंग आला, की दोन्ही गोष्टी एकाच कृतीत उरकण्याकडे कल दिसतो. हा प्रसंग अलीकडे अनेकांवर आला आहे. विंडोज १० या कार्यप्रणालीचा नियमित आधार मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. वाढीव सुरक्षा-दुरुस्त्यांची मर्यादित सोय ठेवण्यात आली असली तरी त्यामुळे निर्णय केवळ पुढे ढकलला जातो. ज्या यंत्रांवर हा निर्णय घ्यावयाचा, ती पुष्कळदा सहा-आठ वर्षे वापरलेली, मंदावलेली, मधूनच बंद पडणारी अशी असतात. "नवी विंडोज टाकली म्हणजे मशीन ठीक होईल" या समजुतीने नूतनीकरण हाच दोषावरील उपाय मानला जातो. म्हणजे ज्या वेळी यंत्र सर्वांत दुर्बळ असते, नेमक्या त्याच वेळी त्याच्यावर सर्वांत जड काम लादले जाते.

प्रस्तुत लेखातील मुख्य प्रतिपादन असे, की विदेचे रक्षण आणि कार्यप्रणालीचे नूतनीकरण या दोन स्वतंत्र क्रिया होत. पहिली पूर्ण होऊन तिची पडताळणी झाल्याखेरीज दुसरीस हात घालू नये. या प्रतिपादनाची कारणे आणि त्यातून निष्पन्न होणारा कामाचा क्रम पुढे क्रमशः दिला आहे. विवेचन प्रामुख्याने विंडोजच्या संदर्भात असले तरी त्यातील तत्त्वे अन्य कार्यप्रणालींनाही लागू पडतात.

२. नूतनीकरणात प्रत्यक्ष काय घडते

ज्यास जागच्या जागी केलेले नूतनीकरण म्हणता येईल, त्यात फायली, स्थापित आज्ञावल्या आणि वापरणाऱ्याची मांडणी कायम ठेवून केवळ कार्यप्रणाली बदलली जाते. प्रथम नव्या प्रणालीच्या अनेक गिगाबाइट फायली डिस्कवर उतरवून घेतल्या जातात. त्यानंतर संगणक पुन्हा चालू होऊन एका मर्यादित वातावरणात शिरतो. जुनी प्रणाली 'विंडोज.ओल्ड' नावाच्या फोल्डरात हलविली जाते आणि तिच्या जागी नवी मांडली जाते. शेवटच्या टप्प्यात वापरणाऱ्याची मांडणी व आज्ञावल्या नव्या प्रणालीशी जोडल्या जातात. मध्येच काही अडल्यास मागे फिरण्याची सोय असते, आणि सर्व सुरळीत पार पडल्यावरही सामान्यतः दहा दिवसांपर्यंत जुन्या प्रणालीकडे परतता येते. त्यानंतर 'विंडोज.ओल्ड' आपोआप काढून टाकले जाते.

ही योजना विचारपूर्वक केलेली आहे यात शंका नाही. परंतु तिच्या मुळाशी एक गृहीत आहे: डिस्क सांगितलेले नीट लिहील आणि लिहिलेले नीट वाचून देईल. सदोष यंत्रात हेच गृहीत ढासळते. नूतनीकरणाच्या एका तासात डिस्कवर जितके लेखन होते, तितके सामान्य वापरात कित्येक दिवसांतही होत नाही. मृत्युपंथास लागलेली डिस्क याच ताणाखाली बंद पडण्याचा संभव असतो. मागे फिरण्याची सोयदेखील त्याच डिस्कवर ठेवलेली असल्यामुळे ती तिच्याबरोबरच नष्ट होते.

यंत्र निरोगी असले तरी प्रक्रिया निर्दोष असेलच असे नाही. विंडोज १० ची २ ऑक्टोबर २०१८ रोजी प्रसृत झालेली आवृत्ती काही दिवसांतच मागे घ्यावी लागली. कारण काही संगणकांवरील वैयक्तिक फायली तिने पुसून टाकल्या होत्या. ज्यांनी 'डॉक्युमेंट्स' आदी फोल्डरांची जागा बदलली होती, पण जुन्या जागीही काही फायली राहू दिल्या होत्या, त्यांची ती जुनी जागा रिकामी व अनावश्यक समजून काढून टाकण्यात आली. दुरुस्त आवृत्ती १३ नोव्हेंबर २०१८ रोजी पुन्हा प्रसृत झाली. अशा तक्रारींचे प्रमाण अत्यल्प होते. तथापि ज्याची फाइल गेली त्याच्या दृष्टीने प्रमाणाला अर्थ नसतो.

३. दोषाचे निदान

संगणक 'बिघडला' असे म्हटल्याने काहीच निश्चित होत नाही. नूतनीकरणाच्या दृष्टीने दोषांचे चार वर्ग करता येतात: साठवणीचे दोष, स्मृतीचे दोष, वीजपुरवठा व उष्णता यांचे दोष आणि आज्ञावलीचे दोष. यांपैकी केवळ चौथा वर्ग कार्यप्रणाली बदलल्याने बरा होऊ शकतो. उरलेल्या तिन्हींत नूतनीकरण हा उपाय तर नव्हेच, उलट अपाय ठरतो.

साठवणीच्या दोषांची बाह्य लक्षणे म्हणजे फाइल उघडण्यास लागणारा अकारण विलंब, नकल करताना मध्येच येणारी त्रुटी, आणि जुन्या पद्धतीच्या फिरत्या हार्ड डिस्कमधून येणारा टकटक असा आवाज. हा आवाज येऊ लागल्यास संगणक तत्काळ बंद करावा. विदा अमोल असेल तर ती डिस्क पुन्हा चालू न करता विदा-पुनःप्राप्तीचे काम करणाऱ्या तज्ज्ञाकडे न्यावी. प्रत्येक नव्या प्रयत्नाने आतील पृष्ठभागाची हानी वाढू शकते. आवाज नसल्यास डिस्कमधील 'स्मार्ट' या स्वयंनिरीक्षण-व्यवस्थेची नोंद पाहावी. क्रिस्टलडिस्कइन्फोसारख्या आज्ञावलीत ती सहज दिसते. निकामी झाल्यामुळे बदलून घेतलेल्या खंडांची आणि वाचता न आल्यामुळे प्रलंबित राहिलेल्या खंडांची संख्या शून्याहून अधिक असणे हा धोक्याचा इशारा होय.

मात्र या नोंदीवर सर्वस्वी विसंबणेही योग्य नाही. गूगलच्या संशोधकांनी एक लाखाहून अधिक डिस्कचा अभ्यास करून २००७ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, ते या संदर्भात उद्बोधक आहेत. पृष्ठभाग-तपासणीत पहिली त्रुटी आढळल्यानंतर साठ दिवसांच्या आत डिस्क निकामी होण्याचा संभव, अशी त्रुटी नसलेल्या डिस्कच्या तुलनेत ३९ पट अधिक असल्याचे त्यांना दिसून आले. त्याचबरोबर असेही आढळले, की निकामी झालेल्या डिस्कपैकी ५६ टक्क्यांहून अधिक डिस्कच्या बाबतीत 'स्मार्ट'च्या चार प्रमुख लक्षणांपैकी एकाचीही नोंद झालेली नव्हती. सारांश, इशारा मिळाला तर तो गंभीर मानावा. पण इशारा मिळाला नाही म्हणून निर्धास्त राहू नये. अलीकडच्या एसएसडी तर पुष्कळदा कोणतीही पूर्वसूचना न देता एकाएकी बंद पडतात.

स्मृतीचा, म्हणजे रॅमचा, दोष अधिक फसवा असतो. फाइलची नकल करताना तिचा आशय रॅममधून जातो. रॅम सदोष असेल तर मूळ फाइल शुद्ध असूनही नकल अशुद्ध होऊ शकते आणि त्या वेळी कोणतीही तक्रार पडद्यावर उमटत नाही. यासाठी प्रत काढण्यापूर्वी मेमटेस्ट८६ किंवा विंडोजमधील स्मृती-तपासणी चालवून पाहणे इष्ट होय. वीजपुरवठ्याच्या दोषाची खूण म्हणजे जड काम सुरू होताच संगणक एकदम बंद होणे. यात धूळ व उष्णता हीच कारणे पुष्कळदा निघतात.

येथे एका नेहमीच्या चुकीचा निर्देश आवश्यक आहे. डिस्कविषयी शंका येताच 'चेकडिस्क' ही दुरुस्तीची आज्ञा चालविण्याचा प्रघात आहे. फायलींच्या नोंदवहीची सुसंगती प्रस्थापित करणे हे त्या आज्ञेचे कार्य आहे. फायलींतील आशय वाचविणे हे नव्हे. सुसंगतीसाठी ती तुटक नोंदी काढून टाकू शकते, आणि दुबळ्या डिस्कवर लेखनाचा भारही टाकते. म्हणून प्रत हाती आल्यावाचून दुरुस्ती करू नये.

४. प्रत काढण्याची रीत

जीर्ण पोथी हाती आली असता तिची नवी बांधणी करण्याआधी तिची प्रत करून घेतली जाते. कारण बांधणी करताना पाने तुटण्याचा संभव असतो. संगणकाच्या बाबतीत हाच विवेक लागू पडतो. शक्य तोवर प्रत सदोष यंत्रावर काढू नये. डिस्क बाहेर काढता येत असल्यास ती एखाद्या निरोगी संगणकाला जोडावी. डिस्क काढता येत नसेल तर पेन ड्राइव्हवरून चालणारी लिनक्स कार्यप्रणाली सुरू करावी. तीत मूळ डिस्क केवळ वाचण्यापुरती उघडता येते आणि बिघडलेल्या विंडोजला जागे करण्याची गरज उरत नाही.

डिस्क शंकास्पद असेल तर फायली एकेक करून न उचलता संपूर्ण डिस्कची प्रतिमा घेणे श्रेयस्कर. डीडीरेस्क्यू ही मुक्त आज्ञावली यासाठी योजलेली आहे. ती आधी सहज वाचता येणारे भाग उचलते, अडखळणारे भाग बाजूस ठेवते आणि नंतर त्यांच्याकडे पुनःपुन्हा वळते. कोणता भाग मिळाला व कोणता राहिला याची नोंद ती एका स्वतंत्र फायलीत ठेवीत असल्यामुळे काम मध्येच थांबले तरी पुढे चालू करता येते. हिचा वापर करताना मूळ डिस्क कोणती आणि गंतव्य डिस्क कोणती याची खात्री दोनदा करावी. क्रम उलटा झाल्यास कोऱ्या डिस्कची प्रत मूळ विदेवर लिहिली जाईल.

विदा कोठे कोठे आहे हे ठरविणे वाटते तितके सोपे नाही. आपल्याकडे डिस्कचे सी आणि डी असे दोन भाग करण्याचा आणि "डी ड्राइव्हमध्ये आहे, म्हणजे सुरक्षित आहे" असे मानण्याचा रिवाज आहे. दुरुस्तीच्या दुकानात "फॉरमॅट मारणे" म्हणजे सी हा भाग पुसणे, एवढाच अर्थ घेतला जातो. पण सी आणि डी हे एकाच डिस्कचे भाग आहेत. डिस्क गेली तर दोन्ही जातात. शिवाय डेस्कटॉपवर ठेवलेल्या फायली, 'डॉक्युमेंट्स' आणि 'डाउनलोड्स' हे फोल्डर सामान्यतः सी भागातच असतात. यांखेरीज ज्या गोष्टी हमखास राहून जातात त्या अशा: आउटलुकसारख्या आज्ञावलीतील स्थानिक पत्रसंग्रह, न्याहाळकातील खुणा व परवलीचे शब्द, झोटेरोसारख्या संदर्भ-व्यवस्थापकाचा संग्रह, शब्दशोधकात स्वतः भर घातलेले शब्द, आज्ञावल्यांच्या परवान्यांचे क्रमांक आणि 'विंडोज'च्या फोल्डरात बसविलेले टंक, म्हणजे फॉन्ट.

मेघ-साठवणीविषयीही दोन सावधगिरीच्या गोष्टी सांगणे अवश्य आहे. पहिली अशी, की वनड्राइव्हसारख्या व्यवस्थेत जागा वाचविण्यासाठी काही फायलींची केवळ नावे संगणकावर दिसतात. आशय दूरच्या सर्व्हरवर असतो. अशा फोल्डराची नकल करण्यापूर्वी फायली प्रत्यक्ष उतरवून घ्याव्या लागतात. दुसरी अशी, की समक्रमण म्हणजे बॅकअप नव्हे. येथे पुसलेली फाइल तेथूनही पुसली जाते. काही काळ ती परत मिळविता येत असली तरी तो काळ मर्यादित असतो.

प्रती किती असाव्यात याविषयी ३-२-१ हा नियम सर्वत्र रूढ आहे. विदेच्या एकूण तीन प्रती, त्या दोन भिन्न प्रकारच्या माध्यमांवर, आणि त्यांतील एक वेगळ्या स्थळी, असा त्याचा आशय आहे. संशोधकाच्या दृष्टीने याचा व्यावहारिक अर्थ एवढाच, की नूतनीकरणाच्या दिवशी मूळ डिस्कखेरीज निदान एक प्रत बाह्य डिस्कवर आणि एक प्रत अन्यत्र असावी. बाह्य डिस्क प्रत पूर्ण होताच संगणकापासून अलग करावी. कारण दोष एखाद्या घातक आज्ञावलीमुळे उद्भवला असेल तर ती जोडलेल्या डिस्कवरही हल्ला करते.

५. प्रतीची पडताळणी

प्रत काढली म्हणजे काम संपले असे मानणे हीच बहुतेक मोठ्या हानींची सुरुवात असते. ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या संस्थेत एका अभियंत्याकडून चुकीच्या सर्व्हरवरील विदा पुसली गेली. संस्थेकडे रक्षणाच्या अनेक योजना होत्या. प्रत्यक्ष गरज पडली तेव्हा असे दिसून आले, की दैनंदिन प्रत काढणारी आज्ञावली जुन्या आवृत्तीची होती, विदासंचाची प्रणाली नव्या आवृत्तीची होती, आणि या विसंगतीमुळे प्रत मुळी निघतच नव्हती. अपयशाची सूचना देणारी पत्रेही पोहोचत नव्हती. योगायोगाने सहा तासांपूर्वी घेतलेली एक प्रत हाती असल्यामुळे हानी सुमारे सहा तासांच्या विदेपुरती मर्यादित राहिली. नूतनीकरणाच्या विषयाशी या घटनेचा संबंध उघड आहे: एका घटकाची आवृत्ती बदलली आणि दुसऱ्याची बदलली नाही, तर रक्षणाची व्यवस्था न कळत मोडू शकते.

विद्यापीठीय क्षेत्रातील उदाहरण याहून अधिक बोलके आहे. जपानमधील क्योटो विद्यापीठाच्या महासंगणकावर १४ ते १६ डिसेंबर २०२१ या काळात सुमारे ७७ टेराबाइट संशोधन-विदा पुसली गेली. नष्ट झालेल्या फायलींची संख्या सुमारे ३ कोटी ४० लाख होती आणि १४ संशोधन-गटांना तिची झळ पोहोचली. त्यांपैकी ४ गटांची विदा बॅकअपवरूनही परत मिळविता येण्याजोगी नव्हती. कारण पाहू गेल्यास आश्चर्य वाटते. बॅकअपच्या व्यवस्थेतील जुन्या नोंदी काढून टाकणारी एक आज्ञावली सुधारण्यात आली होती. जुनी आवृत्ती चालू असतानाच तिच्या जागी नवी ठेवली गेली. ती चालविणारी यंत्रणा आज्ञावली एकदम वाचून न घेता थोडी थोडी वाचीत असल्यामुळे अर्धी जुनी व अर्धी नवी अशी मिश्र आज्ञावली चालली, काही चलांना मूल्यच राहिले नाही, आणि जुन्या नोंदींऐवजी संशोधकांच्या फायली पुसल्या गेल्या. म्हणजे येथे घात झाला तो रक्षणासाठी योजलेल्या व्यवस्थेच्याच नूतनीकरणात.

या दोन उदाहरणांवरून जो निष्कर्ष निघतो तो असा, की प्रत असणे आणि प्रत उपयोगी असणे यांत अंतर आहे. ते अंतर पडताळणीने भरून काढावयाचे असते. पडताळणीच्या तीन पायऱ्या मानता येतील. पहिलीत मूळ आणि प्रत यांतील फायलींची संख्या व एकूण आकारमान ताडून पाहावे. दुसरीत प्रत्येक फायलीचा ठसा काढावा. एसएचए-२५६ या पद्धतीने कोणत्याही फायलीच्या आशयावरून ६४ चिन्हांची एक मालिका मिळते. आशयात एका अक्षराचा फरक पडला तरी मालिका सर्वस्वी बदलते. विंडोजमधील पॉवरशेलमध्ये 'गेट-फाइलहॅश' या आज्ञेने ती काढता येते. मूळ व प्रत यांच्या मालिका जुळल्या तर प्रत यथामूल आहे. तिसरी पायरी यांत्रिक नाही: प्रतीवरून काही फायली दुसऱ्या संगणकावर प्रत्यक्ष उघडून पाहाव्यात, ध्वनिमुद्रणे मधूनमधून ऐकावीत. ठसा जुळतो यावरून प्रत मुळाबरहुकूम आहे एवढेच सिद्ध होते. मूळच आधी दूषित झालेले असेल तर ते ठशावरून कळत नाही.

६. कूटबंध व पुनःप्राप्ती-किल्ली

अलीकडच्या बहुतेक लॅपटॉपांवर डिस्कमधील विदा बिटलॉकर किंवा तत्सम व्यवस्थेने कूटबद्ध केलेली असते, आणि वापरणाऱ्याला याची कित्येकदा कल्पनाही नसते. मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश करताच ही व्यवस्था आपोआप सुरू झालेली असण्याचा संभव असतो. एरवी तिचे अस्तित्व जाणवत नाही. परंतु डिस्क दुसऱ्या संगणकाला जोडली, मदरबोर्ड बदलला किंवा यंत्राच्या आरंभिक मांडणीत फेरफार केला, की ४८ अंकी पुनःप्राप्ती-किल्ली मागितली जाते. ती नसेल तर विदा डिस्कवर अखंड असूनही नसल्यासारखीच होते. यावर तज्ज्ञाकडेही इलाज नसतो.

यासाठी संगणक चालू आहे तोवर किल्ली शोधून ती कागदावर उतरवून ठेवावी. ती बहुधा संबंधित मायक्रोसॉफ्ट खात्यात नोंदलेली असते. संस्थेने दिलेल्या यंत्राच्या बाबतीत संस्थेच्या संगणक-विभागाकडे असते. नूतनीकरणापूर्वी कूटबंध तात्पुरता स्थगित करण्याची सोय आहे, तिचा उपयोग करावा.

७. नूतनीकरणाचे मार्ग

प्रत सिद्ध झाल्यावर कोणता मार्ग स्वीकारावा हे निदानावर अवलंबून राहील. दोष केवळ आज्ञावलीचा असेल, यंत्रभाग निरोगी असेल आणि डिस्कवर पुरेशी मोकळी जागा असेल, तर जागच्या जागी नूतनीकरण सोयीचे असते. यातही मर्यादा आहेत. विंडोज ११ केवळ ६४ बिटची आहे. ३२ बिटच्या विंडोजवरून तीकडे थेट जाता येत नाही. विंडोज ७ वरूनही फायली व आज्ञावल्या कायम ठेवून ११ कडे जाण्याची सोय नाही. विंडोज ११ साठी किमान ४ गिगाबाइट रॅम, ६४ गिगाबाइट साठवण, टीपीएम २.० ही सुरक्षा-चकती आणि सुरक्षित आरंभाची क्षमता या अटी आहेत. डिस्कची विभागणी जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर विंडोजमधील 'एमबीआर टू जीपीटी' या साधनाने विदा न पुसता ती बदलता येते; अर्थात प्रत हाती असल्यासच. अटी न पाळणाऱ्या यंत्रावर आडमार्गाने विंडोज ११ बसविता येते. पण पुढील दुरुस्त्यांची शाश्वती राहत नाही. अशा यंत्रावर लिनक्सची एखादी हलकी आवृत्ती बसविणे अधिक सरळ होय.

डिस्कच सदोष असेल तर मात्र एकच मार्ग योग्य ठरतो. जुनी डिस्क काढून घ्यावी, तिच्या जागी नवी एसएसडी बसवावी, तीवर कार्यप्रणाली नव्याने स्थापित करावी आणि पडताळलेल्या प्रतीवरून विदा परत आणावी. या मार्गात आज्ञावल्या पुन्हा बसविण्याचे कष्ट पडतात. परंतु दोषाचे मूळ नाहीसे होते आणि जुनी डिस्क, आहे त्या अवस्थेत, आणखी एक प्रत म्हणून शिल्लक राहते. तिच्यावर काहीही न लिहिता ती निदान सहा महिने जपून ठेवावी. काय राहून गेले हे कळण्यास पुष्कळदा तेवढा अवधी लागतो.

प्रत्यक्ष कामाच्या वेळी लॅपटॉप वीजजोडणीवर आणि मेजावरचा संगणक यूपीएसवर असावा. वीज केव्हाही जाऊ शकते अशा गावी ही अट अनिवार्य समजावी. नूतनीकरण 'अडकले' असे वाटून बटण दाबून यंत्र बंद करण्याचा मोह टाळावा. जुन्या यंत्रावर एकेका टप्प्यास तास लागणे अस्वाभाविक नाही.

८. देवनागरी मजकुराचा विशेष प्रश्न

मराठीत वाचणे या क्रियापदाचे दोन अर्थ आहेत: जिवंत वा शिल्लक राहणे आणि पठन करणे. जुन्या मराठी मजकुराच्या बाबतीत हे दोन अर्थ एकमेकांपासून फारकत घेऊ शकतात. फाइल वाचते, पण ती वाचता येत नाही.

याचे कारण जुन्या टंकांच्या रचनेत आहे. युनिकोडचा वापर रूढ होण्यापूर्वी श्रीलिपी, सी-डॅकची आयएसएम यांसारख्या व्यवस्थांच्या टंकांत रोमन अक्षरांसाठी राखलेल्या संकेतांकांवर देवनागरीचे अवयव, म्हणजे काना, मात्रा, अर्धी अक्षरे, बसविलेले असत. फायलीत साठविलेले असत ते संकेतांक. त्यांस देवनागरीचे रूप देत असे तो विशिष्ट टंक. नूतनीकरणानंतर तो टंक यंत्रावर राहिला नाही, तर शेकडो पृष्ठांचा प्रबंध रोमन चिन्हांच्या निरर्थक रांगा बनून समोर येतो. विदा एका बिटानेही बदललेली नसते, ठसा तंतोतंत जुळतो; तरी अर्थ हरवलेला असतो. पेजमेकरसारखी जुनी आज्ञावली, किंवा परवान्यासाठी लागणारे यांत्रिक कुलूप, नव्या प्रणालीवर चालेलच असेही नाही.

म्हणून जुन्या प्रणालीवर टंक व आज्ञावली चालू आहेत तोवरच तीन गोष्टी कराव्यात. पहिली, टंकांच्या फायली विदेचाच भाग समजून प्रतीत समाविष्ट कराव्यात आणि कोणत्या लेखनास कोणता टंक वापरला आहे याची यादी ठेवावी. दुसरी, प्रत्येक महत्त्वाच्या लेखनाची टंक अंतर्भूत असलेली पीडीएफ काढावी. तीतील मजकूर शोधता आला नाही तरी डोळ्यांनी वाचता येतो, आणि पुढील रूपांतर तपासण्यास तीच प्रमाण-प्रत ठरते. तिसरी, मजकुराचे युनिकोडमध्ये रूपांतर करावे.

हे रूपांतर केवळ चिन्हास चिन्ह ठेवण्याइतके सोपे नसते. जुन्या टंकांत मजकूर दृश्यक्रमाने साठविलेला असे, तर युनिकोडमध्ये तो उच्चारक्रमाने साठविला जातो. 'कि' या अक्षरात ऱ्हस्व वेलांटी डोळ्यांना आधी दिसते, म्हणून जुन्या टंकात ती आधी येई. युनिकोडमध्ये क आधी आणि वेलांटी नंतर. 'अर्क' या शब्दातील रफार जुन्या टंकात क नंतर येई. युनिकोडमध्ये र आधी येतो. रूपांतरकाच्या हातून चुका होतात त्या मुख्यतः याच ठिकाणी, तसेच विरळ जोडाक्षरांत. शिवाय प्रत्येक टंककुलाची मांडणी वेगळी असल्यामुळे रूपांतरकही वेगळा लागतो. 'ऱ्हास' या शब्दातील अर्धा र युनिकोडमध्येही दोन प्रकारे लिहिता येतो. दोन्ही रूपे डोळ्यांना एकच दिसतात, परंतु शोध घेताना संगणक त्यांना भिन्न मानतो. शब्दसूची वा बोली-कोश यांच्या संपादकाने रूपांतरित मजकुराची पीडीएफशी अक्षरशः तुलना केल्यावाचून त्यावर विसंबू नये.

९. समारोप

उपरोक्त विवेचनावरून कामाचा क्रम असा निश्चित होतो: दोषाचे निदान, पुनःप्राप्ती-किल्ली व टंक यांची नोंद, सदोष यंत्रावर शक्य तितके कमी लेखन करून घेतलेली प्रत, तिची पडताळणी, त्यानंतर यंत्रभागाची दुरुस्ती, आणि सर्वांत शेवटी नूतनीकरण. या क्रमातील प्रत्येक पायरी मागील पायरीच्या आधारे उभी आहे. नूतनीकरण फसले तरी ते पुन्हा करता येते. प्रतीवाचून केलेले नूतनीकरण फसले तर काहीच पुन्हा करता येत नाही.

संगणक चालू आहे तोवर या सर्व गोष्टी काही तासांच्या कामाच्या आहेत. तो बंद पडल्यावर त्यांतील बहुतेक अशक्य होतात. विभागातील ज्या संगणकांवर प्रबंधांचे मसुदे, क्षेत्रकार्याची ध्वनिमुद्रणे वा जुन्या टंकांतील सूची आहेत, त्यांची यादी करून हा क्रम त्यांना लागू करण्यास बिघाडाची वाट पाहण्याचे कारण नाही.